शेणखत उघडं पसरावं, मातीआड करावं की कुजवून घ्यावं?

शेणखत घालायचं हे ठरलेलं असतं. कसं घालायचं यावर मात्र फारसा विचार होत नाही. शेताच्या खालच्या अंगाला विहीर, ओढा किंवा तळं असेल तर तो आधी करावा. गाय ठणठणीत दिसत असली तरी तिच्या शेणात ई. कोलाय ओ१५७, कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, क्रिप्टोस्पोरिडियम यांपैकी माणसाला आजारी पाडणारा कोणताही जंतू असू शकतो. खत टाकल्यावर पहिला जोराचा पाऊस येतो, तेव्हा हे जंतू सर्वांत जास्त वाहून जातात. म्हणून तिन्ही पद्धती मी एकाच प्रश्नावर ताडून पाहतो: तो पाऊस येईल तेव्हा जंतू कुठे असतील, आणि किती जिवंत असतील?

कच्चं शेण पसरून तसंच सोडणं सर्वांत कमी कष्टाचं. त्यात एक गोष्ट खरीच चांगली आहे: ऊन आणि कोरडेपणा जंतूंना मारतात. पुढचे अनेक दिवस कडक उन्हाचे असतील तर याचा फायदा होतो. पण वाळलेला शेणाचा पो फोडून पाहा. वरचा पापुद्रा कडक झालेला असतो, आत मात्र ओल तशीच आणि रंगही हिरवट. त्या ओलीत जंतू तग धरून राहतात आणि पावसाने पो भिजला की पाण्याबरोबर निघतात. पातळ स्लरीचं, म्हणजे पाण्यात कालवलेल्या शेणाचं, आणखी वेगळं. तिच्यातले बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, मग पाणी मुरायच्या आधीच वाहू लागतं. उतारावर आणि पावसाच्या तोंडावर ही पद्धत मी कुणालाच सुचवणार नाही.

पसरल्या दिवशीच कुळवून किंवा नांगरून शेण मातीत मिसळलं, तर वरून वाहणाऱ्या पाण्याची आणि त्याची गाठ बरीच कमी पडते. अमोनिया होऊन उडून जाणारं नत्रही वाचतं. पण जंतू मेले असं समजू नका. ऊन लागत नाही, ओल टिकते, त्यामुळे थंड, ओलसर मातीत ते आठवडेच काय, महिनेही जगू शकतात. शिवाय उतारावरची माती मोकळी केली की तीच धुपून जाण्याची भीती. आणि पाणी फक्त वरूनच जात नाही. जमिनीच्या भेगा, गांडुळांची बिळं, निचऱ्याचे पाइप यांतून ते थेट खाली उतरतं. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत पोचले. पाण्यातले जंतू मारायला घातलेलं क्लोरिन पुरेसं नव्हतं. ७ माणसं गेली, २,००० हून अधिक आजारी पडली. चौकशीत शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही. त्याने रीतीप्रमाणेच खत घातलं होतं. विहीर उथळ आणि खाली फुटका खडक असेल, तर शेण मातीआड केलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळेच.

कुजवून घेणं ही तिन्हींतली एकच पद्धत अशी, की जंतू शेतात जाण्याआधीच मरतात. मात्र ढीग नुसता पडून राहणं म्हणजे कुजणं नव्हे. ढीग आतून तापला पाहिजे. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत लांब ओळीच्या ढिगासाठी किमान ५५ अंश सेल्सिअस तापमान १५ दिवस आणि त्या काळात किमान ५ वेळा पलटी, असं सांगितलं आहे. पलटी कशासाठी? बाहेरचा थर गार राहतो आणि तिथले जंतू वाचतात, म्हणून तो आत घालावा लागतो. लोखंडी सळई ढिगात खोल खुपसून थोड्या वेळाने काढली आणि हातात धरवली नाही, तर ढीग तापलाय हे कळतं. खात्री मात्र थर्मामीटरनेच करावी. यात मेहनत आहे, वेळ आहे, काही नत्रही उडून जातं. तरीही खाली पिण्याचं पाणी असेल तर मी हीच पद्धत निवडीन. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरिनला दाद देत नाही, हे त्यामागचं सर्वांत मोठं कारण.

ओढ्याकाठी गवताचा पट्टा तिन्हींबरोबर ठेवावाच. पाणी पातळ थराने पसरून येतं तोवर तो गाळ अडवतो. एकदा घळ पडली की पाणी तिथूनच धावतं, आणि सुटे जंतू पट्ट्यात फारसे अडकत नाहीत.

कच्चं शेण वापरण्यावाचून गत्यंतर नसेल तर पीक पाहा. अमेरिकेतल्या त्याच सेंद्रिय नियमांत खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर काढणीआधी १२० दिवस, नाहीतर ९० दिवस अंतर ठेवायला सांगितलंय. आणि जमीन आधीच चिंब असेल, आभाळ भरून आलं असेल, तर त्या दिवशी खत हलवूच नका. ढिगावर ताडपत्री ओढा, त्याच्या खालून पाझर ओहोळाकडे जात नाही ना ते पाहा, आणि वाफसा येईपर्यंत थांबा.