पाणी तापवायचा रॉड: ८ महिन्यांनंतर, आणि आयएसआयच्या शिक्क्याचा घोळ

नोव्हेंबर संपता संपता घेतला, आता जुलै संपत आला, रोज वापरतेय त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. १५०० वॅटचा रॉड आहे. पुण्यात भाड्यानं राहतो, घरमालक गीझर बसवू देत नाहीत म्हणून रॉडच. पण हा माझा दुसरा रॉड, आणि पहिल्याचं आधी सांगते कारण कळकळीनं सांगायचंय ते तेच आहे.

पहिला साडेतीनशेला मिळालेला. खोक्यावर सीई, आयएसओ ९००१, हिरवी बरोबरची खूण, सगळं छापलेलं. मी विचारलं आयएसआय आहे ना, तर दुकानदारानं लगेच थ्री पिनचा प्लग उलटा करून दाखवला, हा बघा ताई शिक्का. शिक्का होता खरंच, घेतला. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंचा हात चालू रॉडच्या बादलीच्या लोखंडी कडीला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. वेळेवर हात सुटला म्हणून बरं, आठवलं की अजून पोटात गोळा येतो. वायरमन दादांनी येऊन बघितलं तर प्लग तीन पिनांचा, पण आतली अर्थिंगची वायर रॉडच्या नळीला जोडलेलीच नाही! म्हणाले, ताई, हा शिक्का प्लगचा आहे, रॉडचा नाही.

हे मला खरंच माहीत नव्हतं. शिक्क्याच्या वर जो आयएस नंबर असतो तो कुठल्या वस्तूचा ते सांगतो. प्लगवर १२९३ होता, तो प्लग-सॉकेटचा, वायरवर ६९४ होता, तो वायरचा, आणि पाण्यात बुडवायच्या रॉडचा ३६८, तो कुठंच नाही. म्हणजे सुटे भाग चांगले घेऊन मधला रॉड कसाही बनवला तरी आपल्याला शिक्का दिसतोच. रॉडला आयएसआय सक्तीचं आहे, त्याशिवाय विकताच येत नाही, तरी विकतात. आणि सीई म्हणजे युरोपात विकायच्या मालाची खूण, अशा बऱ्याच वस्तूंवर ती कंपनी स्वतःच लावते. आयएसओ ९००१ कारखान्याच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, तुमच्या हातातला रॉड त्यात कुणी तपासलेला नसतो. शेजारच्या काकू म्हणाल्या आमचा गीझर ५ स्टार आहे म्हणजे सेफ, तर तसंही नाही, स्टार फक्त वीज किती खातो त्याचे, गीझरवर २०८२ शोधायचा.

दुसऱ्या वेळी दुकानातच उभं राहून बीआयएस केअर ॲप उघडलं (बीआयएस म्हणजे आयएसआयचा शिक्का देणारी सरकारी संस्था). शिक्क्याखाली सीएम/एल लिहून पुढे आकडे असतात, ते टाकले की कंपनीचं नाव, पत्ता, लायसन्स कशाचं आहे, चालू आहे का, सगळं येतं. पहिला उचलला त्याच्या नंबरवर भलत्याच कंपनीचं नाव आलं, ठेवून दिला. पुढच्याचं सगळं जुळलं, ७२० रुपये. दुकानदार वैतागला होता पण वैतागू दे. (मोबाईलच्या चार्जरवर वेगळी खूण असते, तिथं आर आणि पुढे आकडे, तोही नंबर याच ॲपमध्ये बघता येतो.)

आता वापराचं. हिवाळ्यात १५ लिटरची बादली १७-१८ मिनिटांत अंघोळीपुरती तापते, अर्धा युनिटच्या आत. झिणझिण्या एकदाही नाहीत, तरी बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात नाही, हा घरात नियमच केलाय, आणि बादली आता प्लास्टिकची. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, त्यामुळे १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो, ६ वाल्यावर लावू नका, एक्स्टेन्शन बोर्डवर तर नकोच. वायर आखूड आहे, त्याचा त्रास होतो. बोअरचं पाणी असल्यानं पांढरे क्षार धरतात, महिन्यातून एकदा लिंबाच्या पाण्यात ठेवून घासते. पाणी कमीत कमी कुठपर्यंत हवं ती रेघ चौथ्या महिन्यातच पुसली गेली, हे मला आवडलं नाही, नेलपॉलिशनं परत ओढलीय.

मे महिन्यात आईकडे साताऱ्याला गेले तेव्हा आधी न्हाणीघरात जाऊन तिचा रॉड बघितला. प्लगवर १२९३, बाकी काही नाही. तो तेव्हाच काढून घेतला आणि परत येऊन माझ्यासारखाच, नंबर तपासून, तिला पाठवला. इस्त्रीवर मात्र इस्त्रीचा नंबर ३६६ आणि सीएम/एल दोन्ही निघाले, ती तिच्याकडेच आहे.