पाच तारे पाहिले, तारीख पाहिलीच नाही

अकोल्यात एप्रिल लागला की आमच्या वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. इतकी वर्षं कूलरवर आणि वाळ्याच्या ताट्यांवर निभावलं. २०२३च्या एप्रिलमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कूलरसमोर झोपली की सकाळी तिचा पाय आखडायचा, कूलर बंद केला तर झोप नाही. दोन रात्री असं झाल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि भाचा दुकानात उभे. आमची घाई तोंडावरच दिसत असणार.

दुकानदाराने थंडगार पाणी दिलं, आईची चौकशी केली. भिंतीवर दीड टनाचा एसी चालू होता, त्यावर पाच ताऱ्यांचं लेबल. "हाच घेऊन टाका भाऊ. याच वर्षीचा माल आहे, उद्या सकाळी फिटिंगवाला पण येते." ४३,५०० रुपये. भाच्याने फोटो काढून ताईला पाठवला. मी पैसे दिले, बिल घडी करून खिशात घातलं. बिलावर लिहिलं होतं, '१.५ टन ५ स्टार इन्व्हर्टर स्प्लिट, १ नग'. कंपनीचं नाव होतं. मॉडेल नंबर नव्हता, सिरियल नंबर नव्हता. तेव्हा ते मला खटकलंही नाही. नंतर मॉडेल नंबर टाकून द्या म्हणून दोनदा गेलो, तेव्हा 'कॉम्प्युटर बंद आहे' हे उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी डबा आला, सोबत एक पोरगा ड्रिल घेऊन. तासाभरात मोकळा. तांब्याचा पाईप जोडल्यावर त्याने बाहेरच्या युनिटचा नट जरा सैल केला, फुस्स करून हवा सोडली आणि परत आवळला. "हवा काढली काका." मला वाटलं असंच करतात. खरं तर तिथे व्हॅक्यूम पंप लावून पाईपातली हवा आणि ओल चांगली पंधरा-वीस मिनिटं खेचून काढायची असते. एसीत थंडावा आणणारा आर ३२ हा गॅस तर पेट घेऊ शकणारा, तो असा फुसफुस उडवायचा नसतोच. त्याच्याकडे पंपच नव्हता.

मग हिशोब. "पाईप आठ मीटर लागला. तीन मीटर डब्यात येते, पाच मीटरचे वरचे." ८५० रुपये मीटर. स्टँडचे ९००. सगळे मिळून ५,१५०, त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर, पावती नाही. कितीतरी दिवसांनी बायकोच्या शिलाई मशीनचा टेप घेऊन मी पाईप मोजला. वळणं धरून चार मीटर साठ सेंटिमीटर भरला. आणि डब्यासोबत आलेला पाईप तर आधीच किमतीत धरलेला होता.

तिसऱ्या आठवड्यात एसी नुसताच वारा मारायला लागला. तोच पोरगा आला, मीटर लावलं, काटा दाखवला. "गॅस संपला. साडेतीन हजार." दिले. महिन्याभराने परत तेच. "उन्हाळ्यात गॅस जास्त लागते काका," असं तो मला म्हणाला आणि मी ऐकून घेतलं, याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मात्र बायको अडून बसली, दुकानाला फोन करायचा नाही म्हणाली. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार टाकली. एक वयस्कर मेकॅनिक आले. त्यांनी आधी मीटर लावलंच नाही. स्वयंपाकघरातून वाटीभर पाण्यात भांड्याचा साबण मागितला, फेस केला आणि ब्रशने पाईपच्या नटावर लावला. आम्ही तिघं त्या नटाकडे बघत बसलो. थोड्या वेळात एका बाजूने मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. "गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही हो. एक तर आत असतो, नाही तर गळतो. गळती न शोधता भरला म्हणजे तुमचे पैसे हवेत." पाईपचं तोंड नीट पसरवलेलंच नव्हतं. त्यांनी ते कापून नव्याने बनवलं, पंप लावला, मग गॅस भरला. तेव्हापासून आजवर गॅस भरावा लागलेला नाही.

जाता जाता त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं. "हा कधी घेतला म्हणालात?" एप्रिलमध्ये, मी म्हणालो. "मग हा २०२१चा कसा?"

ताऱ्यांच्या त्या लेबलावर बारीक अक्षरात उत्पादनाचं साल असतं आणि लेबल कोणत्या तारखेपर्यंतचं आहे तेही. आमच्यावर ३० जून २०२२ होतं. हे तारे ठरवणारी सरकारी संस्था म्हणजे बीईई. १ जुलै २०२२पासून तिने निकष कडक केले. आधी स्प्लिट एसीला आयएसईईआर, म्हणजे खाल्लेल्या विजेच्या किती पट थंडावा देतो तो आकडा, ४.५ असला की पाच तारे मिळायचे, नंतर ५.० लागायला लागला. आमचा ४.५२. म्हणजे मी घेतला त्या दिवशी तो चार तारेवाला होता आणि वर पाच ताऱ्यांची किंमत मोजली होती. लेबलावर थंड करण्याची क्षमता वॉटमध्ये लिहिलेली असते. हिशोबाने दीड टन म्हणजे ५,२७५ वॉट, आमच्यावर ४,७५०. यात फसवणूक म्हणता येणार नाही, दीड टनाच्या नावाखाली बरेच एसी याच्या आसपास विकले जातात. पण गच्चीखालच्या खोलीत तो फरक कळतो.

विजेचा फरक खरं सांगायचं तर वर्षाला शंभरेक युनिटांच्या आत बसतो, कारण लेबलवरचा युनिटांचा आकडा वर्षाला १६०० तास एसी चालला असं धरून काढलेला असतो. त्याने कोणी बुडत नाही. राग याचा, की जुना माल जुना म्हणून चार पैसे कमी करून दिला असता तर मी आनंदाने घेतला असता.

आम्हाला वाचवलं भाच्याच्या फोटोने. झूम केलं तर दुकानातल्या लेबलवर मॉडेल नंबर आणि साल दोन्ही वाचता येत होतं, आणि घरी आलेल्या मालाशी ते जुळत नव्हतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फोटो जोडला. आठवड्याभराने दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. आवाजात आता पाण्याचा ग्लास नव्हता. खूप ओढाताणीनंतर चार हजार परत मिळाले. पाईपचे आणि गॅसचे गेले ते गेलेच, त्याची पावती कुठे होती माझ्याकडे?

हे आता लिहायचं कारण, १ जानेवारी २०२६पासून निकष पुन्हा कडक झालेत. कालचा पाच तारेवाला आज चारमध्ये बसू शकतो, आणि गोदामांत जुने डबे असणारच. परवा अमरावतीच्या मेहुण्याने बिलाचा फोटो पाठवला. मॉडेल नंबर होता, सिरियल नंबरची जागा कोरी. मी त्याला म्हटलं, दुकानातच थांब, डबा उघडून बाहेरच्या युनिटवरचा स्टिकर वाच, तो नंबर बिलावर चढेपर्यंत पैसे देऊ नको. दुकानदार वैतागला म्हणे. पण चढवला.