कोल्ड्रिंक सोडून दहा महिने: घरच्या सोडा मशीनचा अनुभव

पाडव्याला लोक सोनं घेतात, गाडी घेतात. मी सोडा मशीन घेतलं. आईने खोका बघून विचारलं, "आता काय टपरी टाकणार का?"

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघतो. दुपारी डब्यात भाकरी, शेंगाचटणी, एखादी झणझणीत भाजी आणि त्यावर 600 मिलीची गार कोल्ड्रिंकची बाटली, हा बारा वर्षांचा नेम. फेब्रुवारीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी) 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. गोड किती खाता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मी छाती काढून सांगितलं, चहासुद्धा बिनसाखरेचा. मग बाटलीचं बोललो, तर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. कोल्यात 100 मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर, म्हणजे माझ्या बाटलीत 63. वरून घातलेली आणि रसातली साखर मिळून दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. हा गुणाकार मला जमत नव्हता अशातला भाग नाही, दिवसभर तेच करतो. या बाटलीचा कधी केला नव्हता एवढंच.

मार्चभर ताक प्यायलो. आलं, कोथिंबीर, जिरं घातलेला मठ्ठा, आईच्या हातचा, नाव ठेवायला जागा नाही. तरी चार वाजले की पाय टपरीकडे वळायचे. पंधरा दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की मला साखरेची ओढ नव्हतीच. तिखट जेवणावर घशात जो गार ठसका बसतो, डोळ्यांत पाणी येतं, नाकात झिणझिण्या येतात, ते हवं होतं. ताक पोट शांत करतं, ठसका देत नाही. म्हणून साधा सोडा, म्हणून मशीन.

मशीनला वीज लागत नाही. आत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, पुढे बाटली अडकवायची, वरचं बटण तीन-चार वेळा दाबायचं. पहिल्या आठवड्यात सोडा असा निघायचा की जणू कालचा उघडा राहिलेला. दोष मशीनचा नव्हता. गॅस गार पाण्यात जास्त विरघळतो आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये फिल्टरमधून येणारं पाणीही कोमट. आता बाटली रात्रीच फ्रिजमध्ये जाते आणि सकाळी थंडगार पाण्यात गॅस भरतो. फरक जमीन-अस्मानाचा. बोअरचं पाणी मात्र वापरू नका, त्याचा मचूळपणा सोड्यात जास्तच कळतो.

दुसरी चूक जास्त महागात पडली. कोकम आधी बाटलीत घालून मग गॅस भरला. पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त पाणी. बाटली सोडवली आणि लाल फेस थेट छतापर्यंत. बायकोने एक शब्द न बोलता फडकं हातात दिलं. तो डाग अजून पंख्याशेजारी आहे.

आता प्रत्यक्ष काय पितो ते. पहिला नंबर कोकम आगळाचा, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या घट्ट रसाचा. ग्लासात एक मोठा चमचा आगळ, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, चार पुदिन्याची पानं चुरडून, आणि वरून सोडा, ग्लास तिरका धरून हळूहळू. आगळच घ्या. 'अमृत कोकम' लिहिलेल्या बाटलीत साखरेचा पाक असतो, मी एक आणून फसलो. आगळ खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको, आणि ज्यांना बीपी आहे त्यांनी दुसरा ग्लास भरू नये. तिखट भाजीवर याला तोड नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याने पहिल्या दिवशी विचारलं, "काय पिऊलालास बे, लाल लाल?" आता त्याची वाटी... म्हणजे ग्लास, रोज माझ्या टेबलावर असतो.

लिंबू-आलं-सोडा दुसरा. आल्याचा रस फक्त अर्धा चमचा, पण सोडा मवाळ झाला असेल तरी घसा जागा होतो. सब्जा घातलेला मुलीला आवडतो. मला ग्लासात काही तरंगलेलं आवडत नाही.

डाळिंबाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आपण सोलापूरकर भावनेच्या भरात वाहवत जातो. 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, घरात भगवा जातीचं डाळिंब येतंच. मलाही वाटलं, हेच आपलं कोल्ड्रिंक. आकडे बघितले तर 100 मिली रसात बारा-तेरा ग्रॅम साखर, कोल्यापेक्षा जास्तच. दाणे चावून खाल्ले तर चोथा पोटात जातो, फळ सावकाश संपतं. रस दोन घोटांत. म्हणून ग्लासला 30 मिली, बाकी सगळा सोडा. साखर चारेक ग्रॅम, रंग झकास. रस मिक्सरमध्ये काढू नका, बिया भरडल्या की कडवट होतो. दाणे ओल्या मलमलीत बांधून मुठीने पिळायचे. पाहुण्यांना हेच देतो. उसाच्या रसाचा आणि गुळाच्या पन्ह्याचा हिशेबही असाच आहे. गूळ घातला की पौष्टिक, ही आमच्या घरातली समजूत मोडायला मला दोन महिने लागले. पन्हं होतंच, पण चैत्रात आणि वाटीभर.

आंबील सोड्याच्या स्पर्धेतली नाही, तरी मे महिन्यात तिनेच तारलं. ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाणी घालून पातळ शिजवायचं, गार झाल्यावर पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिरं. पारा 43 वर असताना अकरा वाजता ही प्यायलो की चारची हाव निम्मी व्हायची.

आता तक्रार. एका सिलिंडरात 60 लिटर सोडा होतो म्हणतात, आमच्या जोरदार दाबण्याने 40 लिटरला संपतो. सोलापुरात मला बदलून देणारं कुणी सापडलं नाही, कुरिअरने मागवावा लागतो. मे महिन्यात ऐन गरजेच्या वेळी अकरा दिवस लागले, आणि फोनवर रोज "उद्या नक्की". बदलीचे साधारण 1,200 रुपये, म्हणजे लिटरला 30. दुकानात 750 मिली साधा सोडा 20 रुपयांना मिळतो, लिटरला 27. पैसे वाचतील म्हणून मशीन घेणार असाल तर घेऊ नका. आधी महिनाभर दुकानचा सोडा आणून बघा. करवाल्यांचं मतही बघा: सप्टेंबर 2025 पासून साखरेच्या फसफसत्या पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे (आधी 28 अधिक 12 सेस, म्हणजे तेवढाच), साध्या सोड्यावर 5.

डिसेंबरात एचबीएवनसी 5.8 आलं. श्रेय एकट्या सोड्याला देणार नाही, जूनपासून सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्याही मारतोय. आणि सवय सुटली की कोल्ड्रिंक गोड-गोड लागतं, असं लोक सांगतात. मला तसं काही झालं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत मुलीबरोबर एक प्यायलो, पूर्वीइतकंच छान लागलं. फक्त दुसऱ्या दिवशी चार वाजता पाय पुन्हा टपरीकडे निघाले होते. दोन दिवस आगळ जरा जास्त घातलं.

एक जादा सिलिंडर आत्ताच मागवून ठेवलाय. मे लांब नाही.