नोकरी सांभाळून लोकप्रशासनात एम. ए. : इग्नूची प्रवेशप्रक्रिया आणि अभ्याससाहित्य

शासकीय किंवा निमशासकीय सेवेत असताना लोकप्रशासन या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यावी, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासमोर पर्याय फार नसतात. नियमित विद्यापीठात प्रवेश घ्यायचा तर वर्गातील हजेरी आली, आणि दोन वर्षांची रजा घेऊन शिकणे बहुतेकांना परवडत नाही. त्यामुळे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजेच इग्नूचा, मार्ग बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो. मी जिल्हा परिषदेच्या सेवेत असून याच मार्गाने प्रवेश घेतला आहे. तेथील प्रवेशप्रक्रिया आणि प्रवेशानंतर हाती येणारे अभ्याससाहित्य, या दोन्हींविषयी येथे लिहीत आहे. माझे मत आधीच नोंदवतो. या विद्यापीठाचे दार खरोखरच खुले आहे, पुस्तके उत्तम आहेत आणि अर्ज कोणाच्याही मदतीशिवाय भरता येण्याजोगा आहे. मात्र मराठी माध्यम नसणे ही गंभीर उणीव आहे, आणि अर्जातील काही रकाने घाईने भरल्यास त्याचा त्रास पुढे दोन वर्षे होतो.

प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी पुरते. प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही, पदवीला लोकप्रशासन हा विषय असण्याचेही बंधन नाही. कृषी पदवीधर असलेला विस्तार अधिकारी आणि वाणिज्य पदवीधर असलेली लेखा शाखेतील कर्मचारी, दोघेही अर्ज करू शकतात. अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा असून तो पूर्ण करण्यासाठी जास्तीत जास्त चार वर्षे मिळतात, आणि बदली, निवडणूक किंवा घरातील आजारपण यांतून जाणाऱ्या माणसाला ही सवलत फार मोलाची ठरते. मुक्त विद्यापीठाच्या पदवीला मान्यता असते का, ही शंका अजूनही अनेक कार्यालयांत ऐकू येते. संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकने, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, ए प्लस प्लस श्रेणी दिली, आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरशिक्षणातील पदव्या नियमित पदव्यांच्या समकक्ष मानाव्यात, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा त्या शंकेला आता आधार उरलेला नाही. सेवेत असलेल्यांनी मात्र अर्ज करण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी. पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घेताना हे एक पत्र हाताशी असले की पुढची टिप्पणी अडत नाही.

प्रत्यक्ष अर्जाआधी दोन क्रमांक तयार ठेवावे लागतात. पहिला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणाऱ्या डिजिटल खात्याचा, जो डिजिलॉकरमधून आधारच्या साहाय्याने मिळतो. दुसरा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा, ज्याला सर्वजण डेब आयडी म्हणतात. २०२४ पासून दूरशिक्षणातील प्रवेशाला हा दुसरा क्रमांक सक्तीचा आहे आणि पहिला असल्याशिवाय तो तयार होत नाही. हे काम तसे थोड्या वेळाचे आहे, पण महाराष्ट्रातील अर्जदारांना नेमके येथेच थांबावे लागते, कारण आपली नावे प्रत्येक कागदावर वेगळ्या क्रमाने लिहिलेली असतात. दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम असतो. आधारवर स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते. त्यात कोठे वडिलांचे नाव पूर्ण, कोठे केवळ आद्याक्षर. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या भगिनींच्या बाबतीत तर दोन कागदांवर दोन वेगळ्या व्यक्ती वाटाव्यात अशी स्थिती असते. म्हणून नोंदणी सुरू करण्यापूर्वी आधार आणि पदवीची गुणपत्रिका शेजारी ठेवून नावातील प्रत्येक अक्षर पडताळावे, आणि फरक असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा शासकीय राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी आधीच मिळवून ठेवावी. राजपत्राच्या कामाला वेळ लागतो, आणि प्रवेशाची मुदत त्यासाठी थांबत नाही.

अर्ज समर्थ या संकेतप्रणालीवर भरावा लागतो. वैयक्तिक माहिती, अभ्यासक्रमाची निवड, शैक्षणिक अर्हता, पत्ता, कागदपत्रे आणि शेवटी शुल्क, अशी पाने क्रमाने उघडत जातात. अर्धा भरलेला अर्ज जतन होतो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरू करता येतो, ही सोय दिवसभर कार्यालयात असणाऱ्याला खरोखर उपयोगी पडते. छायाचित्र आणि स्वाक्षरी प्रत्येकी १०० केबीच्या आत आणि गुणपत्रिका, प्रमाणपत्रे २०० केबीच्या आत बसवावी लागतात. मोबाइलवर काढलेला फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो आणि तो आंधळेपणाने लहान केला तर गुणपत्रिकेवरील आसन क्रमांक वाचता येत नाही. कागद कृष्णधवल स्कॅन करावा, कडेची रिकामी जागा कापावी, आणि जोडण्यापूर्वी ती प्रत संगणकाच्या पडद्यावर मोठी करून स्वतः वाचून पाहावी. आपल्याला वाचता आली नाही तर तपासणाऱ्यालाही येणार नाही.

आता ज्या रकान्यांवर थांबून विचार करायला हवा त्यांकडे वळतो. पहिला रकाना अभ्यासकेंद्राचा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे इग्नूची प्रादेशिक केंद्रे आहेत, गोव्यासाठी पणजीला आहे, आणि त्यांच्या अखत्यारीत महाविद्यालयांमधून अभ्यासकेंद्रे चालतात. प्रत्येक केंद्रावर प्रत्येक अभ्यासक्रम नसतो. अंतर पाहून केंद्र निवडणे स्वाभाविक आहे. परंतु स्वाध्याय (घरी लिहून द्यायच्या प्रश्नांची उत्तरे) जमा करणे, मार्गदर्शनाच्या तासांना बसणे आणि समन्वयकांना भेटणे ही सर्व कामे तेथेच होतात, म्हणून अर्ज भरण्याआधी एखाद्या शनिवारी किंवा रविवारी तेथे जाऊन लोकप्रशासनाचे तास खरोखर होतात का, हे पाहून यावे. तालुक्याच्या ठिकाणचे जवळचे पण निद्रिस्त केंद्र आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे दूरचे पण चालते केंद्र यांत निवड करायची झाल्यास मी दुसरे घ्यायला सांगेन.

दुसरा रकाना छापील पुस्तकांचा. छापील पुस्तकांऐवजी डिजिटल साहित्य निवडले तर शुल्कात १५ टक्के सूट मिळते. रक्कम पाहून अनेकजण ती घेतात. माझा सल्ला मात्र छापील पुस्तकांचा आहे. हे विषय जाड आहेत, त्यांत मागेपुढे जावे लागते, समासात टिपा कराव्या लागतात, आणि जे दिवसभर पडद्यासमोर बसतात त्यांनी रात्री पुन्हा पडद्यावर संघटनेचे सिद्धांत वाचावेत ही अपेक्षा जास्तच आहे. शिवाय तीच पुस्तके ईज्ञानकोश या इग्नूच्या भांडारात कोणालाही विनामूल्य वाचता येतात, म्हणजे छापील संच घेणाऱ्याला दोन्ही मिळते.

तिसरी बाब साधी आहे, पण तिच्यामुळे झालेले नुकसान मी जवळून पाहिले आहे. माझ्या एका सहकाऱ्याने आपला अर्ज बाजारपेठेतील एका इंटरनेट सेवा केंद्रात भरून घेतला. तेथील चालकाने लवकर काम व्हावे म्हणून ईमेलच्या रकान्यात स्वतःचाच पत्ता टाकला आणि परवलीचा शब्दही स्वतःच ठरवला. प्रवेश निश्चित झाल्याचा संदेश, नोंदणी क्रमांक, ओळखपत्र, सारे त्या चालकाच्या खात्यात जात राहिले, आणि सहकारी मात्र आपला अर्ज अडकला आहे असे समजून वाट पाहत बसला. केंद्र चालवणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, परंतु दुसऱ्याच्या शिक्षणाशी असा निष्काळजीपणा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. अर्ज दुसऱ्याकडून टंकून घेतला तरी ईमेल, मोबाइल क्रमांक आणि परवलीचा शब्द हे तीन स्वतःचेच असावेत आणि शुल्क भरण्याआधी संपूर्ण अर्ज पूर्वावलोकनात ओळीओळीने वाचावा.

अभ्याससाहित्याविषयी मी मोकळ्या मनाने प्रशंसा करतो. प्रशासकीय सिद्धांत, मनुष्यबळ व्यवस्थापन, सार्वजनिक धोरण, विकेंद्रीकरण, ई-शासन, आपत्ती व्यवस्थापन असे विषय प्रत्येकी स्वतंत्र पुस्तकांत विभागलेले आहेत, आणि प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे व मध्ये स्वतःची चाचणी घेण्याचे प्रश्न दिलेले असतात. टेलर, फेयॉल, वेबर या प्रशासनविषयक विचारवंतांपासून हर्बर्ट सायमन आणि फ्रेड रिग्ज यांच्यापर्यंतचा प्रवास ज्या क्रमाने मांडला आहे, त्यामुळे फाईल खालून वर का जाते, निर्णय एका टेबलावर का साचतो, नियम पाळूनही काम का होत नाही, या रोजच्या प्रश्नांकडे पाहण्याची नजर मिळते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला हा वैकल्पिक विषय घेणारे उमेदवार अनेक वर्षे याच पुस्तकांचा आधार घेत आले आहेत. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली असल्याने आपल्याकडील उमेदवारांनाही त्यांचा उपयोग आहे.

उणीव जाणवते ती विकेंद्रीकरणाच्या अभ्यासात. पंचायत राज्याविषयीच्या बलवंतराय मेहता समिती (१९५७) आणि अशोक मेहता समिती (१९७८), पंचायतींना व नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती, हा राष्ट्रीय पट पुस्तके नीट उलगडतात. पण बलवंतराय मेहता समितीने गट पातळीवरील पंचायत समितीला मध्यवर्ती स्थान दिले असताना महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार जिल्हा परिषदेला बलवान केले, १९६१ चा अधिनियम केला आणि १ मे १९६२ पासून आपली त्रिस्तरीय रचना वेगळ्या वळणाने उभी केली. पुढे बोंगिरवार समिती आणि पी. बी. पाटील समिती यांनी त्या रचनेची फेरतपासणी केली. ज्या कार्यालयात मी रोज बसतो त्याचा हा इतिहास देशभरासाठी लिहिलेल्या पुस्तकांत ओझरताच येणार, हे समजू शकते. पण तो स्वतःहून वाचावा लागतो, हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने गृहीत धरावे, आणि उत्तरपत्रिकेत आपल्या राज्याची उदाहरणे आवर्जून द्यावीत.

याला लागूनच माध्यमाचा प्रश्न येतो. अर्जात इंग्रजी आणि हिंदी हे दोनच पर्याय आहेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपरिषद, तहसील येथील सारा कारभार मराठीत चालतो. ग्रामसभेचे इतिवृत्त, नागरिकाचा तक्रार अर्ज, स्थायी समितीचा ठराव, सर्व मराठीत. हे काम करणाऱ्यांपैकी कितीतरी हुशार माणसे मराठी माध्यमातून पदवीधर झालेली आहेत आणि इंग्रजीत तीन तास सलग उत्तरे लिहिण्याच्या भीतीने अर्जच करत नाहीत. राष्ट्रीय विद्यापीठाने किमान उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा दिली, तरी खालच्या पायरीवरील शेकडो कर्मचाऱ्यांना हा विषय खुला होईल, असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत ज्यांचे इंग्रजी वाचन बरे पण लेखन कच्चे आहे त्यांनी निर्णय घेण्याआधी ईज्ञानकोशावरील एखादा घटक दोन्ही भाषांत वाचावा, दोन्हींत एकेक पान उत्तर लिहून पाहावे, आणि मगच माध्यमाच्या रकान्याला हात लावावा.

ज्यांना हजेरी देणे शक्य आहे त्यांच्यासाठी राज्यातील विद्यापीठांचे विभाग आहेत. नागपूर विद्यापीठातील लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य शासन विभाग तर देशातील या विषयाच्या सर्वांत जुन्या विभागांत गणला जातो. समोर शिक्षक असणे आणि मराठीत लिहिता येणे ही तेथील मोठी जमेची बाजू आहे. नुकतीच पदवी घेतलेल्या आणि नोकरीच्या बंधनात नसलेल्या मुलामुलींनी आधी तिकडेच पाहावे.

प्रवेश मिळाल्यावरच्या कामांची थोडी कल्पना अर्जाच्या वेळीच असलेली बरी. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे आठ श्रेयांकांच्या एका विषयाला २४० तास लागतात, असा हिशोब विद्यापीठच देते. गुणांपैकी ३० टक्के भार स्वाध्यायांचा आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेचा असतो. परीक्षेचा अर्ज आणि शुल्क वेगळे. दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी आपोआप होत नाही, ती मुदतीत स्वतः करावी लागते, मग पहिल्या वर्षाचे पेपर दिलेले असोत वा नसोत.

प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै या सत्रांत होतात, आणि कार्यालयीन कर्मचाऱ्याने यांतील एक विचारपूर्वक निवडावे. जुलैत प्रवेश घेतला तर परीक्षा पुढल्या जूनमध्ये येते, म्हणजे स्वाध्याय लिहिण्याचे दिवस नेमके मार्चअखेरीच्या तोंडावर येतात, जेव्हा लेखा, बांधकाम आणि अनुदान वाटपाच्या शाखांत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. जानेवारीत प्रवेश घेतला तर परीक्षा डिसेंबरमध्ये, स्वाध्याय पावसाळ्यात, आणि मार्चअखेर संपल्यावर एप्रिलपासून वाचनाला सलग महिने मिळतात. शिक्षक असाल तर उन्हाळ्याची सुटी जूनच्या परीक्षेआधी येते, त्यामुळे तुम्हाला जुलैचे सत्र सोयीचे. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपरिषदेच्या टेबलावर बसणाऱ्याने जानेवारीची वाट पाहावी, आणि मधल्या महिन्यांत नावातील फरक, राजपत्र आणि कार्यालयाची परवानगी ही कामे उरकून घ्यावीत.