डीव्हीडीतला ५.१ आवाज हँडब्रेकमधून शाबूत ठेवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरातल्या डीव्हीडी हार्ड डिस्कवर हलवायचं काम गेले काही महिने हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रामवर चालू आहे. चित्राबद्दल फार लिहीत नाही. एच.२६४ ही चित्र दाबण्याची पद्धत निवडा, आरएफ (दर्जाचा आकडा) २० च्या आसपास ठेवा, डीव्हीडीच्या चित्राला तेवढं पुरतं. मला सांगायचंय ते आवाजाबद्दल. डीव्हीडीच्या चित्राला ४८० किंवा ५७६ ओळींची मर्यादा आहे आणि आजच्या मोठ्या टीव्हीवर ती जाणवतेच. पण त्याच चकतीवरचा सहा चॅनलचा, म्हणजे ५.१, आवाज चांगल्या स्पीकरवर आजही दणदणीत वाजतो. रूपांतर करताना बळी मात्र आधी त्याचाच जातो, आणि तोही निमूटपणे. फाइल चालते, आवाज येतो, ओठ जुळतात. मागचे स्पीकर तेवढे गप्प बसतात.

डीव्हीडीच्या एका टायटलमध्ये (चकतीवरच्या एका सलग व्हिडिओत) आठपर्यंत ऑडिओ ट्रॅक असू शकतात. नेहमी आढळणारी मांडणी सांगतो. चकती स्कॅन झाली, सगळ्यात लांब टायटल निवडलं आणि ऑडिओच्या टॅबवर गेलं, की यादीत चार नावं दिसतात. पहिला ट्रॅक मूळ भाषेतला, एसी-३ (डॉल्बी डिजिटल), २.० म्हणजे दोन चॅनलचा, १९२ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट). दुसरा त्याच भाषेतला, पण ५.१, ४४८ केबीपीएस. तिसरा डीटीएस (आवाज साठवण्याची दुसरी पद्धत) ५.१. चौथा पुन्हा २.०, १९२, कॉमेंटरीचा, ज्यावर दिग्दर्शक सिनेमाभर बोलत असतो. आता हँडब्रेकचा साधा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) काय करतो, तर ठरवलेल्या भाषेचा पहिला ट्रॅक उचलतो आणि त्याचा १६० केबीपीएसचा स्टिरिओ एएसी (हीही आवाज दाबण्याची एक पद्धत) बनवतो. म्हणजे ५.१ त्याच यादीत खाली असतो, पण फाइलमध्ये येत नाही. नावात ‘सराउंड’ असलेला प्रीसेट घेतला तरी धोका टळत नाही, कारण तोही आधी पहिलाच ट्रॅक धरतो. पहिला ट्रॅक २.० असेल, तर सराउंडच्या जागीही तेच दोन चॅनल येऊन बसतात.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की ऑडिओ टॅबमधल्या ‘सिलेक्शन बिहेविअर’मध्ये जाऊन पहिल्या ट्रॅकऐवजी त्या भाषेचे सगळे ट्रॅक घ्यायला सांगा आणि नंतर नको ते हाताने काढा. नको ते काढायला दहा सेकंद लागतात. राहून गेलेला ट्रॅक परत आणायचा म्हणजे कपाटातून ती चकती शोधण्यापासून सुरुवात. भाषेची नोंद नसलेल्या चकत्याही निघतात, तिथे यादीत नुसतं ‘अननोन’ दिसतं. अशा वेळी व्हीएलसी प्लेअरमध्ये चकती लावून एकेक ट्रॅक ऐकून घेणं हाच खात्रीचा उपाय. आणि दोन चॅनलचा ट्रॅक दिसला की तो कॉमेंटरीच असणार असं गृहीत धरू नका. जुन्या सिनेमांचा मूळ आवाजच कित्येकदा २.० असतो, आणि त्यात मागच्या स्पीकरचा आवाज डॉल्बी सराउंड पद्धतीने गुंफलेला असू शकतो. तोही जसाच्या तसा ठेवण्याच्या लायकीचा आहे.

आता ‘जसाच्या तसा’ म्हणजे काय ते. कोडेकच्या (आवाज साठवण्याच्या पद्धतीच्या) रकान्यात ‘एसी-३ पासथ्रू’ निवडलं, की चकतीवरचा डॉल्बी डिजिटल प्रवाह पुन्हा एन्कोड न होता थेट नव्या फाइलमध्ये जातो. इथे ‘पण जागा किती खाईल’ हा प्रश्न हमखास येतो. हिशोब सोपा आहे. डीव्हीडीवर एसी-३ ला ४४८ केबीपीएसची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे दोन तासांच्या सिनेमाचा पूर्ण ५.१ ट्रॅक सुमारे ४०० एमबी भरतो. ३८४ केबीपीएसचा असेल तर ३५० च्या आत. एवढ्यासाठी त्याचं ५.१ एएसी करून शंभर-दीडशे एमबी वाचवायचे, हे मला अजिबात पटत नाही. एसी-३ मुळातच कॉम्प्रेस केलेला आहे. त्यावर पुन्हा कॉम्प्रेशन म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

त्याहून मोठं कारण दुसरंच आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. एसी-३ च्या प्रवाहात आवाजाबरोबर काही सूचनाही येतात. संवादांची सरासरी पातळी किती आहे ही एक, आणि मोठे-लहान आवाज जवळ आणायचे असतील तर कुठे किती दाबायचं ही दुसरी. रिसीव्हरवरचा (स्पीकरना जोडलेल्या ॲम्प्लिफायरवरचा) नाइट मोड दाबला की डीकोडर याच सूचना वाचून स्फोट खाली आणतो आणि कुजबुज वर काढतो. रात्री घर झोपलेलं असताना मी तो लावतो, दुपारी काढतो, आणि दोन्ही वेळा फाइल तीच असते. पासथ्रूमध्ये या सूचना शाबूत राहतात. एएसी केलं की त्या जातात. हँडब्रेकमधला डीआरसीचा (मोठे-लहान आवाज जवळ आणण्याचा) आकडा वाढवून एन्कोड केलं, तर दाबलेला आवाज फाइलमध्ये कायमचा बसतो आणि दुपारचा ऐकणाराही रात्रीचाच आवाज ऐकतो. पासथ्रू निवडल्यावर डीआरसी आणि गेन (आवाजाची एकूण पातळी) या दोन्हींचा त्या ट्रॅकवर परिणाम होत नाही, हेही लक्षात असू द्या. तिथे आकडे बदलून काही फरक पडला नाही, तर ते बरोबरच आहे.

तरीही फक्त एसी-३ ठेवून भागत नाही. मोबाइल, टॅबलेट आणि ब्राउझर इथे अडचण येते. क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये एसी-३ साधारणपणे वाजत नाही. घरातल्या फायली इतर उपकरणांवर दाखवणारा जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा सर्व्हर असेल तर तो दर वेळी जागेवर रूपांतर करत बसतो. म्हणून प्रत्येक फाइलमध्ये मी दोन ट्रॅक ठेवतो: ५.१ चा पासथ्रू, आणि त्याच ५.१ पासून बनवलेला १६० केबीपीएसचा स्टिरिओ एएसी. दुसऱ्याची किंमत दोन तासांना जेमतेम १५० एमबी. हँडब्रेकमध्ये एकच स्रोत दोनदा जोडता येतो, त्यामुळे हे सगळं एका फेरीत होतं.

या स्टिरिओ ट्रॅकबद्दल थोडं अधिक. ५.१ चे दोन चॅनल करताना मधल्या स्पीकरचा आवाज, म्हणजे बहुतेक सगळे संवाद, डाव्या-उजव्या दोन्हीकडे थोडा कमी करून वाटला जातो. मागचे चॅनल त्यात मिसळतात आणि ‘.१’ चा खोल घुमणारा चॅनल, जो १२० हर्ट्झपर्यंतच असतो, बहुधा सोडूनच दिला जातो. एकूण पातळीही खाली येते, कारण सगळं एकत्र आल्यावर आवाज फाटायला नको. ‘रूपांतर केल्यावर संवाद ऐकूच येत नाहीत’ ही तक्रार प्रामुख्याने इथून येते. या एका ट्रॅकला मी गेन २ ते ३ डेसिबल देतो आणि डीआरसी १.५ च्या आसपास ठेवतो. इयरफोनवर प्रवासात ऐकायचं असेल तर तो दाबलेला आवाजच सोयीचा. शेजारी अस्सल ट्रॅक आहेच, त्यामुळे इथे मनाला लागत नाही. मिक्सडाउनमध्ये (चॅनल कमी करण्याच्या रकान्यात) डॉल्बी प्रो लॉजिक टू, म्हणजे मागचा आवाज दोन चॅनलमध्ये गुंफणारा, हाही पर्याय दिसतो. तो वाचणारा जुना रिसीव्हर असेल आणि फाइलमध्ये एकच ट्रॅक ठेवायचा असेल तर तो घ्या, एरवी साधा स्टिरिओ पुरे.

फाइलचा साचा म्हणून एमकेव्ही घेतलाय. एमपी४ मध्येही एसी-३ बसतो, पण डीटीएस, फ्लॅक (काहीही न गमावता दाबलेला आवाज) आणि डीव्हीडीची चित्ररूप सबटायटलं एमकेव्हीत निर्धास्त राहतात. डीटीएसबद्दल माझं मत बरेच जण मानणार नाहीत. डीव्हीडीवरचा डीटीएस सहसा ७६८ केबीपीएसच्या घरात असतो, क्वचित १५०९ चा. म्हणजे दोन तासांना जवळपास ७०० एमबी ते सव्वा जीबीच्या वर. बिटरेट मोठा दिसला की तोच चांगला असं धरून लोक एसी-३ काढून टाकतात. माझ्या कानांना बहुतेक चकत्यांवर दोघांत ठळक फरक जाणवला नाही, आणि बरेच टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. एकच ठेवायचा तर मी डोळे झाकून एसी-३ ठेवतो. जागा असेल तर दोन्ही. संगीत मैफिलींच्या चकत्यांवर एलपीसीएम (न दाबलेला) स्टिरिओ सापडतो, १५३६ केबीपीएसचा; त्याला पासथ्रू मिळत नाही. तिथे फ्लॅक निवडा, काहीही न गमावता ट्रॅक बराच लहान होतो. ऑटो पासथ्रूवर सोडलं तर हँडब्रेक अशा वेळी फॉलबॅकमध्ये (पर्यायी म्हणून) दिलेल्या कोडेककडे वळतो, म्हणून तो रकाना एकदा उघडून बघाच.

फाइल नीट झाली तरी खोलीत आवाज दोनच चॅनलचा येऊ शकतो, आणि मग लोक हँडब्रेकला दोष देतात. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (उलगडलेल्या आवाजावर) असेल, तर टीव्ही स्वतःच ५.१ चे दोन करून पुढे पाठवतो. ते ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’वर न्यायचं. ऑप्टिकल केबल आणि साधा एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे नेणारी सोय) यांतून एसी-३ सुखरूप जातो. उघडा पीसीएम मात्र दोन चॅनलच्या पुढे जात नाही. त्यामुळे ५.१ एएसी करून ठेवणाऱ्यांची इथे गाडी अडते: प्लेअर तो उलगडून पीसीएम करतो आणि केबल दोनच चॅनल नेते. माझ्या रिसीव्हरच्या पट्टीवर ‘डॉल्बी डिजिटल’ उमटलं आणि पावसाच्या दृश्यात मागच्या स्पीकरला कान लावल्यावर नुसत्या थेंबांचा आवाज आला, संवादाचा एक शब्दही नाही, की मी ती फाइल पास करतो.

पूर्ण सिनेमा एन्कोड करून मग तपासत बसू नका. रेंजमध्ये एक-दोन चॅप्टर निवडून छोटी फाइल काढा आणि मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. ट्रॅक किती, प्रत्येकाचे चॅनल किती, बिटरेट चकतीवरच्याइतकाच आहे का, हे तिथे स्पष्ट दिसतं. एसी-३ चा आकडा ४४८ चा ४४८ राहिला आणि चॅनल सहा दिसले, तर पासथ्रू झालंय.

तक्रारी दोन. हँडब्रेक यादीतला पहिला ट्रॅक डीफॉल्ट ठरवतो, म्हणून ५.१ चा ट्रॅक सगळ्यात वर ठेवायला विसरलं की टीव्हीवर स्टिरिओ सुरू होतो. शिवाय ट्रॅकला ‘५.१ मूळ’, ‘स्टिरिओ मोबाइल’, ‘कॉमेंटरी’ अशी नावं नसतील, तर वर्षभराने त्याच भाषेच्या तीन ओळींतून कोणती कसली ते कळत नाही. झालेल्या फायलींसाठी यावर एमकेव्हीटूलनिक्स हा एमकेव्ही हाताळणारा प्रोग्राम उत्तम. त्याच्या हेडर एडिटरमध्ये नाव, भाषा आणि डीफॉल्टची खूण पुन्हा एन्कोड न करता बदलते, क्षणात. एखादा ट्रॅक नकोसा झाला तर तोही एमकेव्हीटूलनिक्समध्येच वगळून नवी फाइल काढता येते.

ज्यांना चित्रालाही हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी मेकएमकेव्ही आहे. चित्र आणि निवडलेले सगळे ट्रॅक तो आहे तसे एमकेव्हीत ठेवतो, फाइल मात्र चार ते आठ जीबीची होते. कॉमेंटरी असलेल्या आवडत्या चकत्यांसाठी मी आता आधी तेच करतो आणि मग ती फाइल हँडब्रेकला देतो. चकतीवर ओरखडे असतील तर हा रस्ता आणखी बरा, कारण ड्राइव्हला ती एकदाच वाचावी लागते आणि ट्रॅकची निवड नंतर हवी तितक्या वेळा बदलता येते.