गोष्ट खरी, गाडी बनावट: 'अबार्थ ५९५' खरेदीचा माझा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात, तुरिनपासून तासाभराच्या अंतरावर आस्तीकडच्या एका खेड्यात, 'अबार्थ ५९५' (अबार्थ या इटालियन कंपनीने फियाट ५०० चे इंजिन मोठे करून काढलेली गाडी) म्हणून दाखवलेली एक लहानशी पांढरी गाडी मी २६,००० युरो मोजून घेतली आणि सप्टेंबरात मला कळले की ती १९६८ सालची साधी फियाट ५०० एफ आहे. तशा गाडीला मी दिलेल्या रकमेच्या निम्मेही पैसे कुणी देणार नाही. नोकरीनिमित्त युरोपात आलेल्या आणि जुन्या इटालियन गाड्यांचे वेड असलेल्या मराठी मंडळींपैकी कुणी असाच व्यवहार करण्याच्या बेतात असेल, तर त्याने पैसे देण्यापूर्वी हे वाचावे. विक्रेत्याचे नाव मात्र देत नाही, कारण पुढे झालेल्या तडजोडीची ती एक अट आहे.

फसलो तो अज्ञानामुळे नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यात १४५ अश्वशक्तीच्या अबार्थ पुंतोची जुळणी सुरू झाली, तेव्हा मी पुण्यातच होतो आणि अबार्थच्या चिन्हातल्या त्या ढालीवरच्या विंचवाने मला तेव्हापासून धरले होते. तुरिनला आल्यावर या छोट्या कंपनीबद्दल मिळेल ते वाचून काढले. विक्रेत्याने नेमके हेच हेरले असावे, कारण पहिल्या भेटीत त्याने गाडीवरचे आवरणसुद्धा काढले नाही. कॉफी पुढे ठेवली आणि अर्धा-पाऊण तास तो कंपनीचा संस्थापक कार्लो अबार्थ याच्याविषयी बोलत राहिला.

त्याने सांगितलेले सगळे खरे होते. १९०८ साली व्हिएन्नात जन्मलेला कार्ल (इटलीत कार्लो) अबार्थ आधी मोटारसायकलींच्या शर्यतींत नाव मिळवून होता, साइडकार घेऊन त्याने १९३४ साली ओरिएंट एक्स्प्रेस या आगगाडीशी शर्यत लावली होती, आणि वृश्चिक राशीचा म्हणून त्याने पुढे विंचू हे चिन्ह घेतले. महायुद्धानंतर तो इटलीत पिएरो दुझिओच्या चिझितालिया कंपनीत आला, ती कंपनी पैशांअभावी बुडाली, आणि तिच्या उरल्यासुरल्या गाड्या व सुटे भाग घेऊन १९४९ साली त्याने स्वतःची कंपनी काढली. १९५० च्या एप्रिलमध्ये इटलीचा नामवंत शर्यतपटू ताझिओ नुव्होलारी पालेर्मोजवळच्या माँते पेल्लेग्रिनोच्या घाटात अबार्थच्या गाडीतूनच आपली अखेरची शर्यत धावला. कंपनीला पैसा मात्र शर्यतींनी नव्हे, सायलेन्सरांनी मिळवून दिला. काळ्या रंगाचे, क्रोमच्या नळ्यांचे ते सायलेन्सर साध्या गाडीला वेगळाच आवाज देत आणि जगभर खपत. मी घरी येऊन एकेक गोष्ट पडताळली आणि एकही चुकीची निघाली नाही. माझी चूक इथेच झाली: इतिहास पडताळला आणि त्यामुळे गाडीही पडताळल्यासारखे मला वाटू लागले.

अबार्थच्या बाबतीत ही लबाडी इतकी सोपी का जाते, हे त्या कंपनीच्या कामाच्या पद्धतीतच आहे. तिच्या बहुतेक लहान गाड्यांचा सांगाडा फियाटचा असे. १९५५ साली फियाट ६०० आणि १९५७ साली नवी ५०० आली, आणि अबार्थने त्याच गाड्यांची इंजिने मोठी करून, त्यांना नवे कार्ब्युरेटर व सायलेन्सर बसवून विकायला सुरुवात केली. १९५८ च्या फेब्रुवारीत मोंझाच्या ट्रॅकवर त्यांची ५०० सात दिवस आणि सात रात्री ताशी सरासरी १०८ किलोमीटरने धावली होती. त्याखेरीज कंपनी रूपांतराचे सामानही पेटीत भरून विकत असे आणि गाडीमालक ते आपल्या गावातल्या मेकॅनिककडून बसवून घेई. म्हणजे कारखान्यातून तयार निघालेली गाडी, त्याच काळात पेटीतल्या सामानाने बदललेली गाडी आणि गेल्या दहा वर्षांत नव्याने ओतलेले भाग लावून सजवलेली गाडी, अशा तीन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर माझ्यासारख्याला त्यांतला फरक दिसत नाही, आणि किमतीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते.

माझ्या गाडीच्या मागच्या बाजूला, इंजिनखाली, 'अबार्थ' अशी अक्षरे असलेले पन्हाळीदार अॅल्युमिनियमचे तेलपात्र होते. व्हॉल्व्हचे झाकणही तसेच. पुढे विंचू, बाजूला पट्टे, आत गोल तबकड्या, आणि चावी फिरवल्यावर असा घोगरा, भरीव आवाज की बायकोसुद्धा म्हणाली, "ही काही साधी नाही." मी गाडी खाली वाकून पाहिली, फोटो काढले, इंजिनाच्या झाकणात डोके घातले. त्या तेलपात्रावर पन्नास वर्षांची काजळी नव्हती, कडा हाताला नव्या लागत होत्या, तेव्हा विक्रेता म्हणाला की मागच्या मालकाने सगळे घासूनपुसून घेतले आहे. नोंदणीपत्रावर इंजिन ४९९ घन सेंमीचे आहे हेही मी विचारले. पेटीतल्या सामानाची गोष्ट त्याने पुन्हा एकदा सांगितली, आणि रूपांतर झाल्यावर कागद बदलून घेण्याची तसदी त्या काळी कोण घेत होते, असे हसत म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी ३,००० युरो इसार दिला.

तेल गळू लागले म्हणून सप्टेंबरात गाडी एका सत्तरी ओलांडलेल्या मेकॅनिककडे नेली. त्याने गाडी सुरू होताना ऐकली, मग रस्त्यावर एक फेरी मारून आला आणि काही न बोलता इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, उघडण्याची परवानगी मागितली. फियाट ५०० च्या सिलिंडरचा व्यास ६७.४ मिलिमीटर आणि अबार्थ ५९५ चा ७३.५, दोन्हींत पिस्टनची धाव ७० मिलिमीटरच. त्याने मापक आत धरून मला जवळ बोलावले आणि आकडा मलाच वाचायला लावला. सदुसष्ट पूर्णांक चारला केसभर जास्त, तेही झिजेमुळे. २७ अश्वशक्तीच्या गाडीचे पैसे देऊन मी १८ अश्वशक्तीची गाडी चार महिने चालवत होतो आणि आवाजामुळे ती मला वेगवान वाटत होती. रूपांतराची म्हणून जी पेटी सांगितली होती, तिच्यातला एक पिस्टनही त्या इंजिनात नव्हता. नवे होते ते फक्त बाहेरून दिसणारे.

घरी येऊन विक्रीचा कागद काढला. त्यात लिहिले होते 'फियाट ५००, टिपो अबार्थ'. इटलीतल्या वाहनांच्या कागदपत्रांत 'टिपो' हा शब्द मॉडेलसाठी येतो, म्हणून सही करताना मी तो 'मॉडेल: अबार्थ' असा वाचला होता, रोजच्या बोलीत मात्र त्याचा अर्थ 'अबार्थसारखी' एवढाच होतो. खाली आणखी एक नेहमीचे वाक्य होते, 'विस्ता ए पियाचुता', म्हणजे गाडी पाहिली आणि पसंत पडली. वकिलीणबाईंनी सांगितले की विक्रेत्याने दोष जाणूनबुजून लपवला असेल तर या वाक्याची ढाल त्याला पुरत नाही, आणि सांगितलेल्या वस्तूऐवजी निराळीच वस्तू दिली असेल तर दोष कळल्यापासून आठ दिवसांत कळवण्याची मुदतही आड येत नाही. पण त्यासाठी 'अबार्थ ५९५' असे त्याने कुठेतरी लेखी म्हटले असले पाहिजे. जाहिरात त्याने विक्रीच्या दिवशीच काढून टाकली होती. मोबाइलवर घेतलेला तिचा एक फोटो माझ्याजवळ सुदैवाने राहिला होता, आणि तडजोड झाली ती केवळ त्या फोटोच्या जोरावर: ८,००० युरो परत आणि गाडी माझ्याकडेच.

तेव्हा जाहिरात जपून ठेवा. नोंदणीपत्रावर विसंबून न राहता इटलीच्या सार्वजनिक वाहन नोंदणी कार्यालयातून गाडीचा पहिल्या दिवसापासूनचा कालानुक्रमिक उतारा इसार देण्याआधी मागवा, कारण मालक कोण, कधी आणि गाडी कुठल्या नावाने नोंदली गेली ते त्यात असते. विक्रेत्याने मला 'ऐतिहासिक वाहन' असल्याचे प्रमाणपत्र दाखवले होते आणि ते खरेही होते, पण ते प्रमाणपत्र 'फियाट ५००' एवढेच म्हणत होते. मी शिक्का पाहिला, ओळ वाचली नाही. केवळ अबार्थ गाड्यांचीच नोंद ठेवणारी रजिस्टरे इटलीत आहेत, तिथल्या जाणकाराला गाडी दाखवू देत नाही असे विक्रेता म्हणाला तर तिथूनच उठावे. आणि सिलिंडर मोजून घ्यायला हेड उघडावे लागते. त्याचा खर्च तुम्ही करतो म्हणालात तरी विक्रेता कुरकुर करील, ती ऐकून घ्या.

मी ते तेलपात्र तसेच राहू दिले आहे, कारण त्याने तेल खरोखरच थोडे थंड राहते. विंचू काढला. पुढच्या वसंतात गाडी विकायची आहे आणि जाहिरात लिहून तयार आहे: फियाट ५०० एफ, १९६८, ४९९.५ घन सेंमी, काही भाग नंतर बसवलेले.