पाय झिरो आणि लॅपटॉप: यूएसबी नेटवर्क की सीरियल केबल?

बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या भाच्याने विचारलं, "मामा, पाय झिरो लॅपटॉपला जोडला, दिवा लागतो, पण एसएसएच होत नाही. यूएसबीवरच खटपट करू की सीरियल अडॅप्टर घेऊ?" पाय झिरो म्हणजे रास्पबेरी पायचा एका छोट्या बोर्डावरचा संगणक, आणि एसएसएच म्हणजे लॅपटॉपवरून नेटवर्कमार्गे त्यात लॉगिन करणं. यूएसबी केबलवरून असं नेटवर्क जुळवता येतं; सीरियलमध्ये दोन-तीन तारांवरून थेट बोर्डाशी मजकुराची देवाणघेवाण होते.

खर्चात यूएसबी सरस. मायक्रो यूएसबी केबल घरात असतेच; फक्त तिच्यात डेटाच्या तारा हव्यात. चार्जिंगच्या काही केबलींत त्या नसतात. सीरियलला वेगळा अडॅप्टर लागतो, तोही ३.३ व्होल्टचाच. ५ व्होल्टच्या सिग्नलने बोर्ड जळू शकतो.

मेहनत मात्र यूएसबीलाच जास्त. केबल मधल्या पोर्टात लावायची. कडेच्या पॉवर पोर्टातून नुसती वीज जाते, त्यामुळे दिवा लागला म्हणून नेटवर्क जुळलं असं नाही. मेमरी कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीडब्ल्यूसी२ ओव्हरले (यूएसबी पोर्टाची सेटिंग) घालायचा. तिथल्याच कमांडलाइन फाइलमध्ये 'रूटवेट' या शब्दानंतर एक स्पेस सोडून, त्याच ओळीत, डीडब्ल्यूसी२ आणि जी-ईथर (यूएसबीवरून नेटवर्क देणारं) मॉड्यूल लोड करायला सांगायचं. तिथे एंटर दाबलास तर सगळं बिघडतं. विंडोज कधीकधी बोर्डाला नेटवर्कऐवजी कॉम पोर्ट, म्हणजे सीरियल जोडणी, समजतं. मग आरएनडीआयएस हा यूएसबी नेटवर्कचा ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो.

सीरियलला कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी (बोर्डाचं सीरियल पोर्ट) चालू करून तीन तारा: ६ नंबरच्या पिनवर ग्राउंड, ८ वर अडॅप्टरचा आरएक्स (घेणारी तार), १० वर अडॅप्टरचा टीएक्स (पाठवणारी तार). वेग सेकंदाला ११५२०० बिट. नेटवर्क उठायच्या आधीचे बूटचे संदेशही दिसतात, म्हणून दोष शोधायला हीच वाट मला खात्रीची वाटते. फायली पाठवायला मात्र ती फार संथ.

रोज कोड चढवायचा असेल, तर यूएसबी. बोर्ड बूट होतोय की नाही हेच कळत नसेल, तर सीरियल. तू आधी केबल आणि पोर्ट बदलून बघ. तरी अडलं तर अडॅप्टर घे.